गाडी अडवणारं यंत्र वेगळं, गाडीवर नजर ठेवणारं वेगळं

"नव्या गाड्यांत सरकारने स्पीड लॉक टाकलाय, ऐंशीच्या पुढे गेलात की आरटीओला मेसेज जातो." हे वाक्य सोसायटीच्या ग्रुपवर फिरतं, गॅरेजमध्ये ऐकू येतं आणि शोरूममधला विक्रेतासुद्धा ते गंभीर चेहऱ्याने सांगतो. त्यात वेगाचा बीप, स्पीड गव्हर्नर आणि जीपीएस ट्रॅकर अशा तीन वेगळ्या यंत्रांची खिचडी झालेली आहे आणि तिन्हींबद्दलची माहिती चूक आहे. नुसता इशारा देणारा बीप सोडला, तर कायद्याने गाडीत बसवलेली यंत्रं दोन जातींची असतात. काही वेग अडवतात आणि काही गाडीवर नजर ठेवतात. अडवणारं यंत्र कोणाला काही कळवत नाही, नजर ठेवणारं यंत्र गाडीला काही करत नाही.

आधी बीप उरकून टाकू, कारण तो सगळ्यांच्या ओळखीचा आहे. 1 जुलै 2019 पासून बनलेल्या प्रत्येक मोटारीत वेगाचा इशारा सक्तीचा आहे. 80 ओलांडले की तो मधूनमधून वाजतो, 120 ओलांडले की सतत. त्याच दिवसापासून ड्रायव्हरची एअरबॅग, पुढच्या दोन्ही सीटबेल्टची आठवण आणि मागचे पार्किंग सेन्सरही सक्तीचे झाले, पण त्यांच्यावर कोणी फॉरवर्ड लिहीत नाही. बीप इंजिनाला हात लावत नाही आणि आरटीओशी त्याचा काडीचा संबंध नाही. रस्त्याची मर्यादा किती, हेही त्याला ठाऊक नसतं. समृद्धीवर मोटारीला 120 ची मुभा आहे, तिथे तुम्ही 95 ने कायदेशीर जात असता तरी तो वाजतो. शहरात 50 ची पाटी असलेल्या रस्त्यावरून 75 ने गेलात, तर तो तोंडातून शब्द काढत नाही. त्यामुळे "बीप वाजला नाही, मग चलान कसं आलं?" असं विचारणाऱ्यांना काय उत्तर द्यावं, हे मला खरंच कळत नाही.

आता खऱ्या गोंधळाकडे येऊ. स्पीड गव्हर्नर आणि जीपीएस ट्रॅकर या दोन वस्तू पिवळ्या पाटीच्या गाडीवाल्यांच्या कपाळी एकत्रच आल्या. दोन्ही पासिंगच्या वेळी मागतात, दोन्हींची सर्टिफिकेटं लागतात आणि बऱ्याचदा एकच दुकानदार दोन्ही बसवून देतो. म्हणून मग "सरकारी डबा" या एकाच नावाखाली दोन्ही जमा होतात. नियमांत मात्र त्यांची घरं वेगळी आहेत. गव्हर्नर केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या 118 क्रमांकाच्या नियमात आहे, ट्रॅकर 125 एचमध्ये. नियमांचे आकडे लक्षात ठेवायची गरज नाही. डब्यातून निघालेली तार कुठे जाते, तेवढं बघा.

गव्हर्नरची तार ॲक्सिलरेटरकडे जाते. जुन्या डिझेल गाड्यांत ते काम इंधनाच्या वाटेवर बसवलेला व्हॉल्व्ह करतो. ठरलेला वेग आला की डिझेल कमी सुटतं. नव्या गाड्यांत ॲक्सिलरेटरचा पेडल हा नुसता सेन्सर असतो. तुम्ही तो किती दाबला हे संगणकाला कळतं आणि इंजिनाला किती द्यायचं ते संगणक ठरवतो. गव्हर्नर या दोघांच्या मध्ये बसतो. काही मॉडेलांत वेगळा डबाही नसतो, कंपनीतूनच संगणकात 80 चा आकडा भरून गाडी येते. एप्रिल 2015 च्या अधिसूचनेने माल आणि प्रवासी वाहतुकीच्या गाड्यांसाठी 80 हा आकडा आला. डंपर, टँकर, स्कूल बस आणि धोकादायक माल नेणाऱ्या गाड्यांसाठी तो 60 आहे. या सगळ्या व्यवस्थेत सिमकार्ड कुठेही नाही. तुम्ही दिवसभर ऐंशीला टेकून गाडी चालवलीत तरी आरटीओला त्याचा पत्ता लागत नाही. इन्स्पेक्टर गव्हर्नरचं सील बघतो ते पासिंगच्या दिवशी किंवा रस्त्यावर गाडी थांबवली तर.

ट्रॅकरची तार अँटेनाकडे जाते. तो उपग्रहावरून गाडीची जागा घेतो आणि सिमकार्डवरून जागा, वेग, वेळ असा तपशील सर्व्हरला पाठवत राहतो. त्याच्याबरोबर लाल पॅनिक बटणं येतात. डिसेंबर 2012 मध्ये दिल्लीतल्या बसमध्ये जे घडलं, त्यानंतर प्रवाशांच्या, विशेषतः बायकांच्या सुरक्षिततेसाठी जे उपाय ठरले, त्यांतला हा एक. अधिसूचना 28 नोव्हेंबर 2016 ची. पुढे तारखा सरकत सरकत 1 जानेवारी 2019 नंतर नोंदलेल्या प्रवासी वाहनांना तो सक्तीचा झाला. रिक्षा त्यातून वगळलेली आहे. म्हणजे ज्या यंत्राला लोक "स्पीडचं मशीन" म्हणतात, ते मुळात वेगासाठी आलेलंच नाही. वेगाचा आकडा त्यात आपसूक जातो, एवढंच. त्या आकड्याने गाडी हळू होत नाही. रिक्षाचा मीटर भाडं मोजतो, म्हणून तो रिक्षाला ब्रेक लावतो असं कोणी म्हणत नाही. इथे मात्र सगळे तेच म्हणतात.

हा फरक लक्षात न आल्याने माणसं दोन ठिकाणी आपटतात. पहिलं ठिकाण चलानाचं. "गाडीला गव्हर्नर आहे, ओव्हरस्पीड होऊच शकत नाही," अशी तक्रार घेऊन टॅक्सीवाले आणि टेम्पोवाले तावातावाने भांडतात. गव्हर्नरला एकच आकडा ठाऊक असतो आणि तो कन्याकुमारीपासून काश्मीरपर्यंत तोच राहतो. बोर घाटात मर्यादा 80 च्या बरीच खाली आहे, त्यामुळे गव्हर्नरवाली गाडीही तिथे आरामात गुन्हा करू शकते. तो टिपतो रस्त्यावरचा कॅमेरा. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर 2024 पासून जी कॅमेऱ्यांची यंत्रणा चालू आहे, ती काही ठिकाणी दोन कमानींमधलं अंतर आणि लागलेला वेळ यांवरून सरासरी वेगही काढते. त्यासाठी तुमच्या गाडीत काहीही बसवावं लागत नाही, नंबरप्लेट पुरते. चलान त्या कमानीवरून आलेलं असतं आणि मालक शिव्या देत असतो डॅशबोर्डखालच्या डब्याला.

दुसरं ठिकाण उताराचं, आणि ते जिवाशी येतं. गव्हर्नर इंधन तोडतो, ब्रेक लावत नाही. चढावर आणि सपाटीवर तो राजा. उतारावर गाडीला वेग इंजिन देत नाही, वजन देतं. भरलेला ट्रक न्यूट्रलमध्ये टाकून डिझेल वाचवायची जी घाणेरडी सवय आहे, तिच्यापुढे गव्हर्नर निव्वळ शोभेचा उरतो. न्यूट्रलमध्ये इंजिन चाकांपासून सुटलेलं असतं, मग त्याचं इंधन तोडून काय उपयोग? पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार बघा. 20 नोव्हेंबर 2022 च्या रात्री तिथे एका अवजड गाडीने डझनावारी गाड्यांना धडक दिली. अशा प्रत्येक अपघातानंतर "गव्हर्नर काय करत होता?" असं विचारणारे पुढे येतात. उतारावर विचारायच्या गोष्टी दुसऱ्या आहेत: गियर कोणता होता, एक्झॉस्ट ब्रेक (धुराची वाट अडवून इंजिनाकडूनच गाडी आवरणारा) चालू होता का आणि ब्रेकचे लायनर कधी बदलले होते.

मला स्वतःला अडवणारं यंत्र पटतं. स्कूल बसला 60 चा लगाम असू नये असं म्हणणाऱ्याशी मी वाद घालत बसणार नाही. डंपरचंही तेच. पण टॅक्सीला 80 मला पटत नाही. ज्या रस्त्यावर शेजारच्या लेनमधली गाडी 120 ने जायला मोकळी आहे, तिथे पाच माणसं भरलेली टॅक्सी ओव्हरटेक करताना ऐंशीला अडकते, तेव्हा तो वेगातला फरकच धोका होऊन बसतो. (आणि दोन गव्हर्नरवाले ट्रक एकमेकांना मागे टाकायच्या नादात तीन-चार किलोमीटर दोन लेन अडवून धरतात, त्यांच्यासाठी वेगळा कायदा हवा.) नजर ठेवणाऱ्या यंत्राबद्दल माझा सूर वेगळा आहे. बसमध्ये एकट्या बाईला दाबता येईल असं बटण हवंच, फक्त ते दाबल्यावर पलीकडे कोणीतरी जागं असायला हवं. पण ड्रायव्हरचा दिवसभराचा माग किती दिवस साठवला जातो आणि तो कोण कोण बघतं, हे त्या ड्रायव्हरला साध्या मराठीत लिहून मिळालं पाहिजे. गव्हर्नर ऐंशीला त्रास देतो आणि विसरून जातो. ट्रॅकर विसरत नाही.

जर्मनीत किंवा नेदरलँड्समध्ये राहणारे नातेवाईक आता आणखी एक फॉरवर्ड पाठवतात: युरोपात गाडी आपोआप मर्यादेत राहते. तिथे 7 जुलै 2024 पासून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या मोटारीत वेगसाहाय्यक सक्तीचा आहे, हे खरं. आपल्या बीपपेक्षा तो हुशार आहे, कारण तो कॅमेऱ्याने पाट्या वाचतो आणि नकाशाही बघतो, म्हणजे त्याला रस्त्याची मर्यादा कळते. पण बहुतेक गाड्यांत तोही फक्त आवाजच करतो. जिथे तो वेग खरंच आवरतो, तिथेही ॲक्सिलरेटर जोरात दाबला की ड्रायव्हरचं चालतं. बंद करता येतो. फक्त पुढच्या वेळी गाडी सुरू केली की पुन्हा चालू झालेला असतो. त्याच गाड्यांत अपघाताची नोंद ठेवणारी पेटीही सक्तीची झाली आहे. ती धडकेच्या आधीची साधारण पाच सेकंदं जपते, आणि जागा व तारीख त्या नोंदीत नसते. ड्रायव्हरला डुलकी लागतेय का हे ओळखणारी यंत्रणा आहे, तिची माहितीही गाडीबाहेर द्यायला त्याच कायद्याने मनाई आहे. बघतात सगळी, बाहेर बोलत कोणी नाही.

आपल्या पांढऱ्या पाटीच्या गाडीत खरोखर बाहेर बोलणारं काही असेल, तर ते सरकारने बसवलेलं नसतं. ते गाडी घेताना तुम्ही हौसेने घेतलेलं कंपनीचं ॲप असतं. मुलगा कुठे गेला, किती वेगाने गेला, एसी कधी लावला, सगळं त्यात दिसतं, आणि ते तुम्हाला दिसण्याआधी कंपनीच्या सर्व्हरवर पोचलेलं असतं. त्याच्या अटी "मान्य" करून टाकलेली माणसं बीपची तार कापायला मेकॅनिककडे जातात, याची मला गंमत वाटते.

तारा कापण्यातही दोन्ही डब्यांचा स्वभाव वेगळा आहे. गव्हर्नर बायपास केला, तर सील तुटलेलं पासिंगपर्यंत कोणाला दिसत नाही, म्हणून हा धंदा राजरोस चालतो. ट्रॅकरचं तसं नाही. त्यात स्वतःची छोटी बॅटरी असते, आणि गाडीच्या बॅटरीची तार काढली की पहिली गोष्ट तो हीच करतो: तार काढल्याचा मेसेज पाठवतो.