पीएच सहाच्या खाली: बोट्स्वानाचे बीफ आणि एक नाजूक विषाणू

लाळ्या-खुरकूत हा गुरांचा विषाणूजन्य रोग आपल्या गोठेवाल्यांना समजावून सांगावा लागत नाही. माणसाला मात्र त्याची बाधा अगदीच क्वचित होते. (लहान मुलांच्या हातापायांवर फोड आणणारा विषाणू वेगळा, उगाच गाईला बोल लावू नये.) तरीही या रोगापायी आफ्रिकेतल्या बहुतेक पशुपालकांना युरोपचा बाजार बंद आहे. भीती खाणाऱ्याच्या पोटाची नाही, तिथल्या गुरांची आहे. २००१ साली ब्रिटनमध्ये हा रोग शिरला, तेव्हा साठ लाखांहून जास्त जनावरे मारावी लागली.

आफ्रिकेच्या दक्षिण भागातल्या बोट्स्वानाने यावर तोडगा काढला तो कुंपणांचा. ओकावँगोच्या पाणथळीतले रानम्हसे हा विषाणू घशात वर्षानुवर्षे बाळगतात, स्वतः आजारी न पडता. गुरे त्यांच्यापासून दूर राहावीत म्हणून १९५० च्या दशकापासून शेकडो किलोमीटर तारा ओढल्या गेल्या. पाण्याच्या वाटा तुटल्या आणि त्या तारांपाशी हजारो विल्डबीस्ट (हरणांच्या जातकुळीतले रानपशू) मेले.

खरी गंमत मात्र मांसातच आहे. जनावर कापल्यावर स्नायूंना ऑक्सिजन मिळत नाही. स्नायूंत साठवलेल्या साखरेपासून, म्हणजे उरलेल्या ग्लायकोजेनपासून, लॅक्टिक आम्ल बनत राहते आणि पीएच (आम्लतेचे माप; आम्ल वाढले की हा आकडा उतरतो) सातच्या आसपासहून सहाच्या खाली येतो. या विषाणूचे कवच बारा तुकड्यांचे असते, प्रत्येक तुकडा पाच घटकांचा. तुकड्यांच्या सांध्यांवर हिस्टिडीन हे अमिनो आम्ल असते. आम्लता वाढली की ते प्रोटॉन पकडून धनभारित होते, सांधे एकमेकांना ढकलतात आणि कवच बारा तुकड्यांत सुटते. पेशीत शिरल्यावर विषाणू आपला आरएनए मोकळा करतो तोही याच युक्तीने. इथे ती त्याच्यावरच उलटते.

पण हाडांतल्या मगजात आणि लसिका ग्रंथींत एवढे आम्ल बनत नाही, म्हणून ती काढून टाकावी लागतात. मांस घाईने गोठवले तर आम्ल बनणेच थांबते, विषाणूही टिकतो. म्हणून ते २ अंशांहून जास्त तापमानात निदान २४ तास ठेवतात. जनावर दमलेले-घाबरलेले असेल तर ग्लायकोजेन आधीच संपलेले असते आणि पीएच उतरत नाही. भारतही या रोगातून मुक्त नाही, तरी हाडे आणि ग्रंथी काढलेले म्हशीचे मांस परदेशी जाते, ते याच तत्त्वावर.

युरोप मात्र बोट्स्वानाकडे दोन्ही मागतो: कुंपणाआडचा रोगमुक्त प्रदेश आणि वर असे मुरवलेले, बिनहाडाचे मांस. मला हा दुहेरी आग्रह जास्तीचा वाटतो. त्याची किंमत ओकावँगोच्या परिसरातल्या न्गामिलँडमधले, रानम्हशांच्या शेजारी राहणारे गुराखी मोजतात.