ऑलिंपिक विजेत्या आणि सोळा वर्षांची मुलं: महिला आइस हॉकी व ज्युनिअर हॉकीच्या तुलनेची पार्श्वभूमी

कॅनडाच्या किंवा अमेरिकेच्या महिला संघाने आइस हॉकीचं सुवर्णपदक जिंकलं की एक प्रश्न हमखास निघतो: या खेळाडू मुलांच्या ज्युनिअर संघापुढे टिकतील का? असे सामने बरीच वर्षं होत आले आहेत, ते रीतसर वेळापत्रकात असतात आणि त्यांची गरज महिला संघालाच वाटली, हे प्रश्न विचारणाऱ्यांपैकी अनेकांच्या गावी नसतं.

आधी ‘ज्युनिअर’ म्हणजे काय ते स्पष्ट हवं, कारण बहुतेक वाद तिथेच फसतात. कॅनडात सर्वांत वर ‘मेजर ज्युनिअर’ आहे: ओंटारिओ, पश्चिम कॅनडा आणि क्युबेक-मॅरिटाइम्स अशा तीन लीग, खेळाडू साधारण १६ ते २० वर्षांचे. एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या पुरुषांच्या सर्वोच्च व्यावसायिक लीगमध्ये जाणारे अनेक जण इथूनच घडतात. त्याखाली प्रांतोप्रांतीच्या ‘ज्युनिअर ए’ लीग. त्याच्याही खाली १५ ते १७ वर्षांच्या मुलांचा ‘मिजेट ट्रिपल ए’ गट, ज्याला आता ‘अंडर-१८’ म्हणतात. या वयातली सर्वांत तयार मुलं आधीच मेजर ज्युनिअरमध्ये गेलेली असतात, त्यामुळे मिजेटचा संघ म्हणजे त्या वयाचा सर्वोत्तम संघ नव्हे. महिला राष्ट्रीय संघाची खरी, सातत्याने झालेली तुलना आहे ती मुख्यतः या तिसऱ्या गटाशी. ‘ज्युनिअर’ या एका शब्दात तिन्ही पातळ्या कोंबल्या की चर्चा भरकटते.

या सामन्यांचं मूळ महिला हॉकीतल्या दरीत आहे. पहिली अधिकृत महिला जागतिक स्पर्धा १९९० मध्ये ओटावाला झाली आणि कॅनडाने अंतिम सामन्यात अमेरिकेला ५-२ असं हरवलं. ऑलिंपिकमध्ये हा खेळ १९९८ च्या नागानोत आला. तिथे अमेरिकेने ३-१ असा सूड उगवला. या दोघींशी बरोबरी करणारा तिसरा संघ मात्र क्वचितच उभा राहिला. २००६ च्या ऑलिंपिकमध्ये कॅनडाने यजमान इटलीला १६-० असं हरवलं. २००८ च्या पात्रता सामन्यात स्लोव्हाकियाने बल्गेरियावर ८२ गोल चढवले, आणि त्याच स्लोव्हाकियाला २०१० च्या व्हँकुव्हर ऑलिंपिकमध्ये कॅनडाने १८-० असं धुतलं. महिला संघांतली ही तफावत सुधारली पाहिजे, असं ऑलिंपिक समितीच्या तत्कालीन अध्यक्षांनी, जॅक रॉग यांनी, त्याच स्पर्धेदरम्यान जाहीरपणे सुनावलं.

प्रशिक्षकांच्या नजरेने पाहिलं तर अडचण अशी: ऑलिंपिकच्या हंगामात कॅनडाचा संघ कित्येक महिने कॅल्गरीत एकत्र राहून सराव करतो. अमेरिकेशी मोजकेच सामने मिळतात. बाकीच्या देशांविरुद्ध पक (खेळातली चपटी रबरी चकती) सतत आपल्याच ताब्यात राहतो, बचावाची परीक्षाच होत नाही, आणि चूक झाली तरी गोल बसत नाही. मग अंतिम सामन्यात अमेरिकेच्या दोन खेळाडू अंगावर आल्या की पक सोडायला अर्धा सेकंदही मिळत नाही. ती घाई शिकवणारा प्रतिस्पर्धी जवळच होता: अल्बर्टाच्या मिजेट लीगमधले मुलांचे संघ. व्हँकुव्हरआधीच्या हंगामात कॅनडाच्या महिला त्यांच्याविरुद्ध खेळल्या, कधी जिंकल्या, कधी हरल्या. पुढच्या ऑलिंपिकच्या तयारीतही ही पद्धत टिकली. निकाल हा या सामन्यांचा हेतूच नव्हता, म्हणून एखाद्या सराव सामन्यातला पराभव दाखवून महिला हॉकीची पत ठरवणं मला साफ चुकीचं वाटतं.

मुलांकडून नेमकं काय मिळतं? त्यांची उंची आणि स्टिकची पोच जास्त, त्यामुळे महिलांच्या सामन्यात मोकळी असणारी पासची वाट बंद होते. त्यांचा फटका स्टिकवरून लवकर सुटतो. स्टिक किती लवचिक घ्यायची, याचा ढोबळ हिशेब असा की तिचा ‘फ्लेक्स’ आकडा खेळाडूच्या पौंडांतल्या वजनाच्या साधारण निम्मा असावा. म्हणजे १५० पौंडांच्या खेळाडूला ७५ च्या आसपासची आणि १९० पौंडांच्या मुलाला ९५ ची. कडक स्टिक वाकवण्याइतकं वजन मागे असेल तर तीच स्टिक जास्त ऊर्जा परत देते. वजन नसताना कडक स्टिक घेतली तर ती वाकतच नाही आणि फटका उलट मंदावतो. मुलांच्या स्टिक उचलून खेळणाऱ्या मुलींची नेमकी हीच चूक होते.

आक्रमणाचा भाग जिथे सुरू होतो त्या निळ्या रेषेपासून गोलरेषेपर्यंतचं अंतर उत्तर अमेरिकी रिंकवर (बर्फाच्या मैदानावर) ६४ फूट, म्हणजे १९.५ मीटर आहे. ताशी ११० किलोमीटरने निघालेला पक ते अंतर सुमारे ०.६४ सेकंदांत कापतो, ताशी १३० ने निघालेला ०.५४ सेकंदांत. हा दशांश सेकंद गोलरक्षकाला सरावाने अंगी बाणवावा लागतो, आणि तो सराव फक्त तसे फटके अंगावर घेऊनच होतो.

पण स्केटिंगच्या वेगातली दरी लोकांना वाटते तेवढी नाही. जानेवारी २०१९ मध्ये सॅन होजेच्या एनएचएल ऑल-स्टार कौशल्य स्पर्धेत अमेरिकेच्या महिला संघातल्या केंडल कॉइन स्कोफील्डने एक फेरी १४.३४६ सेकंदांत पूर्ण केली. विजेता कॉनर मॅकडेव्हिडला १३.३७८ सेकंद लागले. आठ जणांत ती सातवी आली, एका एनएचएल खेळाडूच्या पुढे. मोकळ्या बर्फावरचा फरक साधारण सात टक्के. तो फुगतो टक्कर सुरू झाली की. ९० किलोचा खेळाडू ६८ किलोच्या खेळाडूपेक्षा दहा टक्के वेगाने आला, तर त्याची गतिज ऊर्जा सुमारे दीडपटीहून जास्त भरते, कारण वेगाचा वर्ग होतो. कडेच्या फळ्यांपाशी पकसाठी झटापट होते तिथे हेच गणित निर्णायक ठरतं. म्हणून मुलांविरुद्ध खेळताना महिला संघाने फळीपाशी अडकायचं नाही, पक एका स्पर्शात मधल्या भागात काढायचा.

टकरीचा हा मुद्दा इतिहासात खोलवर गेलेला आहे. १९९० च्या जागतिक स्पर्धेत महिलांनाही बॉडी चेकिंगची, म्हणजे अंगाने धडक देऊन प्रतिस्पर्ध्याला पकपासून दूर करण्याची, मुभा होती. संघांच्या आकारमानात आणि तयारीत मोठा फरक असल्याने ती पुढे काढून घेण्यात आली. मुलांकडे ती राहिली. कॅनडात २०१३ पासून ती साधारण १३ व्या वर्षी सुरू होते. परिणामी सोळा वर्षांच्या मुलाकडे धडक देण्याचा आणि झेलण्याचा काही वर्षांचा अनुभव असतो, आणि पंचवीस वर्षांच्या ऑलिंपिक खेळाडूकडे तो जवळपास नसतो. यात शरीराचा वाटा किती आणि नियमाचा किती, हे वेगळं काढणं अवघड आहे. सगळा फरक निसर्गाच्या खात्यावर टाकणारे हा नियम विसरतात.

नियमाचा वाद कोर्टातही गेला होता. टोरोंटोच्या जस्टिन ब्लेनीला मुलांच्या संघात खेळायचं होतं. मुलींच्या लीगमध्ये बॉडी चेकिंग आणि स्लॅप शॉटला (स्टिक मागे उचलून मारलेल्या जोरदार फटक्याला) मनाई होती, आणि तिला तोच खेळ हवा होता. खेळात मुलींना वगळण्याची सूट देणारं ओंटारिओच्या मानवाधिकार कायद्यातलं कलम १९८६ मध्ये प्रांताच्या अपील न्यायालयाने रद्द ठरवलं. विशेष म्हणजे ओंटारिओच्या महिला हॉकी संघटनेचाच तिला विरोध होता: उत्तम मुली मुलांच्या संघांकडे गेल्या तर मुलींच्या लीग पोकळ होतील, ही भीती. ती निराधार नव्हती, पण एका गुणी मुलीने त्यासाठी स्वतःचा खेळ का थांबवावा, याचं उत्तर संघटनेकडे नव्हतं.

दार उघडल्यावर मेजर ज्युनिअरपर्यंत पोचल्या त्या गोलरक्षकच. धडक त्यांच्या वाट्याला फारशी येत नाही. प्रतिक्षेप, कोन साधणं आणि पकचा माग यांवर त्यांचं काम चालतं. मॅनॉन रेओम १९९१ मध्ये ट्रॉ-रिव्हिएरच्या संघातून क्युबेकच्या मेजर ज्युनिअर सामन्यात उतरली. सप्टेंबर १९९२ मध्ये टँपा बे लाइटनिंगसाठी एनएचएलच्या सराव सामन्यात एक सत्र खेळून तिने ९ पैकी ७ फटके अडवले. १९९९ पासून शार्लीन लाबॉन्ते अकॅडी-बाथर्स्टकडून खेळली. शॅनन साबादोस २००२ मध्ये पश्चिमेच्या लीगमध्ये ट्राय-सिटी अमेरिकन्सकडून उतरली, पण तिचा खरा मुक्काम अल्बर्टाच्या ज्युनिअर ए मध्ये होता. तिथे ती अनेक हंगाम मुलांच्या बरोबरीने खेळली आणि २०१० च्या ऑलिंपिक अंतिम सामन्यात तिने अमेरिकेचे सर्व २८ फटके अडवून २-० ने सुवर्ण मिळवून दिलं. मार्च २०२२ मध्ये ईव्ह गास्कॉन गातिनोकडून क्युबेकच्या लीगमध्ये खेळणारी तिसरी मुलगी ठरली.

गोलबाहेर खेळणाऱ्यांत कॅनडाच्या हेली विकेनहायझरचं उदाहरण मोठं. २००३ मध्ये फिनलंडच्या खालच्या स्तरावरील पुरुष लीगमध्ये सालामात संघाकडून तिने गोल केला. युरोपातल्या ३० मीटर रुंद रिंकवर उत्तर अमेरिकेच्या २६ मीटरपेक्षा जागा जास्त, त्यामुळे टक्कर टाळून कौशल्याने खेळायला वाव मिळतो.

अलीकडे महिला आणि पुरुष हॉकीतलं नियमांचं अंतर कमी होत आहे. स्वीडनच्या महिला लीगने २०२२-२३ पासून बॉडी चेकिंगला परवानगी दिली. १ जानेवारी २०२४ ला सुरू झालेल्या उत्तर अमेरिकेच्या पीडब्ल्यूएचएल या महिलांच्या व्यावसायिक लीगमध्येही पकसाठी झटताना पूर्वीपेक्षा बरीच टक्कर चालते. मुलींना लहानपणापासून धडक झेलायचं तंत्र शिकवणं आता भाग आहे: खांदा कसा लावायचा, फळीपासून किती अंतर ठेवायचं, डोकं वर कसं ठेवायचं. ते न शिकवता वरच्या पातळीवर परवानगी दिली तर दुखापती वाढतील.

२०२२ मध्ये व्हँकुव्हर जायंट्सने बचावपटू क्लोई प्रिमेरानोची निवड केली. पश्चिमेच्या लीगने गोलरक्षक नसलेली मुलगी निवडण्याची ही पहिलीच वेळ. ती पुढे मिनेसोटा विद्यापीठाच्या महिला संघाकडे गेली, तर गास्कॉन मिनेसोटा-डलुथकडे. मुलांच्या लीगमध्ये चौथ्या ओळीत, म्हणजे सर्वांत कमी खेळवल्या जाणाऱ्या गटात, मिनिटं मोजत बसण्यापेक्षा महिलांच्या विद्यापीठ हॉकीत दर सामन्यात वीस-पंचवीस मिनिटं बर्फावर राहणं खेळाडूला जास्त घडवतं. रेओमच्या काळात हा पर्याय असा भरभक्कम नव्हता: अमेरिकी विद्यापीठांच्या क्रीडा संघटनेची (एनसीएए) महिलांची पहिली राष्ट्रीय हॉकी स्पर्धा २००१ मध्ये झाली.