अडकलेला रोल सुटतो कसा: ब्रेकर, पिन आणि तेलाच्या दाबाचा इतिहास

रोलिंग मिलमध्ये, म्हणजे तापलेलं लोखंड दोन फिरत्या रोलमधून दाबून लाटणाऱ्या यंत्रात, माल अडकला की पहिली आरोळी उठते ती वीज बंद करण्याची. ते बरोबरच आहे. पण वीज गेली म्हणून दोन रोलमधला दाब जात नाही, आणि खरा धोका अनेकदा तिथूनच सुरू होतो. लोखंड लाटणाऱ्या यंत्रांचा गेल्या अडीचशे वर्षांचा इतिहास पाहिला तर एक गोष्ट खटकते. यंत्र वाचवण्याचे उपाय फार लवकर निघाले. अडकलेला माल सुरक्षितपणे सोडवण्याचे उपाय मात्र त्यानंतर शंभर वर्षांहूनही उशिरा आले. या दोन वेगळ्या गरजा आहेत आणि आजही त्यांची गल्लत होते.

आधी आत काय घडतं ते पाहू. रोल ज्या जाडजूड चौकटीत बसवलेले असतात ती चौकट, म्हणजे हाउसिंग, बाहेरून अचल दिसते. प्रत्यक्षात ती ताणली जाते. जाड प्लेट लाटणाऱ्या मिलचं उदाहरण घ्या: रोलवर २००० टनांचा जोर आहे आणि स्टँडचा, म्हणजे चौकट आणि रोल मिळून होणाऱ्या संचाचा, ताठपणा मिलिमीटरला ५०० टन आहे, म्हणजे तो एक मिलिमीटर ताणायला ५०० टन लागतात. अशा वेळी स्टँड सुमारे चार मिलिमीटर उघडतो. माल पुढे सरकत असतो तोवर हे ठीक. तो मध्येच थांबला की तेवढा ताण चौकटीत तसाच कोंडला जातो आणि माल दोन रोलच्या दाढेत करकचून धरलेला राहतो. वरच्या रोलला दाबणारे स्क्रू फिरवून फट वाढवावी म्हटलं, तर स्क्रूच्या आट्यांवर शेकडो टनांचं घर्षण असतं. स्क्रू फिरवणारी मोटर रिकामा रोल वरखाली करण्यापुरती असते, तिच्याने तो हलत नाही. तिकडे लाल तापलेला माल रोलच्या एकाच जागी टेकून राहतो, तिथलं पोलाद भाजून निघतं आणि रोलवर बारीक तडे पडतात. म्हणून घाई होते, आणि घाईत माणसं जवळ जातात.

इंग्लंडमधल्या हेन्री कॉर्टने १७८३ मध्ये खाचा पाडलेल्या रोलचं पेटंट घेतलं. हॅम्पशायरमधल्या फंटली इथे त्याचा कारखाना होता. घणाने ठोकून सळ्या काढण्याचं काम रोलमधून ओढून कितीतरी वेगाने होऊ लागलं. मात्र माल ओढायला एका क्षणात खूप शक्ती लागते आणि दोन मालांच्या मधल्या वेळात जवळजवळ काहीच लागत नाही. हा चढउतार सांभाळायला मोठं गतिचक्र, म्हणजे फ्लायव्हील, आलं, आणि मिल जाम होणं भयंकर झालं ते त्याच्यामुळे. तीन मीटर व्यासाचं, कडेला दहा टन वजन असलेलं फ्लायव्हील मिनिटाला १२० फेरे घेत असेल तर त्याच्या कडेत साठलेली ऊर्जा ताशी ६८ किलोमीटरने धावणाऱ्या दहा टनी ट्रकाएवढी असते. रोल जागच्या जागी अडकला की हा ट्रक भिंतीवर आदळल्यासारखं होतं, आणि भिंत म्हणजे इथे गिअरचे दात, स्पिंडल (रोलला फिरवणारा दांडा), रोलची मान, नाहीतर हाउसिंग.

काहीतरी मोडणारच असेल, तर ते स्वस्तातलं मोडू दे, हा विचार त्यातून आला. रोलच्या टोकाला पाकळ्यांसारखा आकार काढतात, त्याला मिलवाले आजही वॉब्लर म्हणतात. त्यावर बिडाचा मफ, म्हणजे रोल आणि स्पिंडल जोडणारी जाड नळी, सैल बसतो आणि मफ व स्पिंडलमधून रोलला फिरकी मिळते. हे मफ आणि स्पिंडल मुद्दाम रोलपेक्षा कमकुवत ठेवले जात, म्हणजे फिरकी हाताबाहेर गेली की आधी तेच तुटत. उभ्या दाबासाठी वेगळी सोय होती. स्क्रूचं टोक आणि वरच्या रोलचा बेअरिंग ठोकळा यांच्यामध्ये बिडाची एक पोकळ पेटी ठेवत. दाब मर्यादेबाहेर गेला की ती पेटी फुटायची, रोलला वर सरकायला जागा मिळायची आणि हाउसिंग वाचायचं. हाच ब्रेकर.

या ब्रेकरविरुद्ध एका माणसाने ठामपणे उभं राहून दाखवलं. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियाचा जॉन फ्रिट्झ १८५४ मध्ये जॉन्सटाउनच्या कॅम्ब्रिया आयर्न वर्क्समध्ये आला. रेल्वेचे रूळ बनवणारी ती कंपनी तेव्हा आर्थिक गटांगळ्या खात होती. दोन रोलच्या मिलमध्ये माल एका बाजूने पुढे जाई आणि पुढच्या फेरीसाठी तो वरच्या रोलवरून माघारी आणावा लागे. त्यात वेळ जाई, माल थंड होई, रुळाच्या कडा फाटत आणि थंड माल रोलमध्ये अडकला की ब्रेकर फुटे. फ्रिट्झने तीन रोल एकावर एक लावायचं ठरवलं. माल खालच्या दोन रोलमधून पुढे जाईल आणि वरच्या दोन रोलमधून लाटला जातच परत येईल. माघारीची फुकट फेरी संपली आणि माल गरम असतानाच काम उरकू लागलं.

त्याबरोबर त्याने आणखी एक गोष्ट केली, जिने जुने मिलवाले हादरले. रोलवरची पोकळ पेटी काढून त्याने भरीव ठोकळा बसवला. स्पिंडल आणि मफही भक्कम केले. काही अडकलं तर सगळी मिल मोडेल असं लोकांनी बजावलं. सतत स्पिंडल, मफ आणि ब्रेकर तुटत राहून जीव मेटाकुटीला येण्यापेक्षा कधीतरी एकदा मोठी मोडतोड झालेली परवडली, अशा अर्थाचं त्याचं उत्तर होतं. तो बोलत होता तो अनुभवाने. त्याआधी नॉरिसटाउनच्या मिलमध्ये त्याने यंत्रदुरुस्ती केली होती आणि तुटलेले भाग रात्री-अपरात्री बदलले होते. ३ जुलै १८५७ रोजी नवी मिल सुरू झाली आणि चालली. दुसऱ्याच दिवशी इमारतीला आग लागली. यंत्रं मात्र तगली आणि काही आठवड्यांत मिल पुन्हा फिरू लागली. पुढे तीन रोलची मिल अमेरिकेत रूळ लाटण्याची प्रमाण पद्धत झाली.

फ्रिट्झची ही गोष्ट ब्रेकर निरुपयोगी असल्याचा पुरावा म्हणून सांगितली जाते. मला ते पटत नाही. त्याने ब्रेकर काढला, पण त्याआधी माल का अडकतो याचं कारण काढून टाकलं. भट्टीतून आलेला माल थंड न होता बाहेर पडेल अशी रचना केली आणि मग सगळी साखळी एकसारखी मजबूत केली. यातला फक्त शेवटचा भाग उचलायचा, म्हणजे भट्टी तीच, माल तसाच अर्धाकच्चा तापलेला आणि ब्रेकरच्या जागी मात्र भरीव ठोकळा, तर ते फ्रिट्झचं अनुकरण नव्हे. ती निव्वळ जोखीम आहे, आणि ती मालकापेक्षा सांडशी धरणाऱ्या कामगारावर जास्त पडते.

फ्लायव्हीलच नको, या दिशेनेही प्रयत्न झाले. रेल्वे अभियंता जॉन रॅम्सबॉटमने १८६६ मध्ये इंग्लंडमधल्या क्रू इथल्या रेल्वे कारखान्यात उलटसुलट फिरणारं वाफेचं इंजिन मिलला जोडलं. इंजिन उलटं फिरवून माल मागे घेता येऊ लागला, म्हणजे अडकलेला माल सोडवायचं एक साधन चालकाच्या हातात आलं. १९०६ मध्ये ऑस्ट्रियन सिलेशियातल्या ट्र्झिनिएत्सजवळच्या हिल्डेगार्ड कारखान्यात कार्ल इल्गनरच्या पद्धतीची विजेवर चालणारी उलटसुलट मिल सुरू झाली. त्यात फ्लायव्हील होतं, पण ते रोलपासून वेगळं, जनित्राच्या दांड्यावर. मिल आणि फ्लायव्हील यांच्यामध्ये आता फक्त विजेच्या तारा होत्या. माझ्या मते सुरक्षिततेच्या दृष्टीने हा फार मोठा टप्पा होता, जरी तो घेतला गेला वेगळ्याच कारणासाठी: वीजकेंद्रावर अचानक भार पडू नये म्हणून.

मोटरच्या रोटरलाही वजन असतंच. माल रोलमध्ये शिरतो त्या क्षणी स्पिंडल पीळ खाऊन थरथरतं आणि फिरकीचा जोर क्षणभर नेहमीच्या दीडपट ते तिप्पट होतो. म्हणून शिअर पिन टिकून राहिली. दोन दांडे जोडणाऱ्या कपलिंगच्या दोन भागांमधली ही पिन ठरावीक जोरापलीकडे कातरली जाते. तिचा दोष असा की रोजच्या धक्क्यांनी ती थकते आणि काही महिन्यांनी काहीच अडकलेलं नसताना तुटते. दोन-चारदा असं झालं, उत्पादन थांबलं, की फिटर जाड पिन टाकतो. २० मिलिमीटरच्या साध्या ४.६ ग्रेडच्या पिनऐवजी २४ मिलिमीटरचा ८.८ ग्रेडचा बोल्ट हाती लागतो. छेदाचं क्षेत्रफळ १.४४ पट आणि पोलादाची ताकद दुप्पट, म्हणजे पिन जवळजवळ तिप्पट जोर सहन करणार. कागदावर सुरक्षा पिन अजून आहे, प्रत्यक्षात मिलमधला सर्वात कमकुवत भाग आता गिअरबॉक्स आहे. पिन तुटायची वाट बघत बसण्यापेक्षा ती थकण्याआधी ठरल्या वेळी बदलणं हा त्यावरचा साधा उपाय, आणि तोच सर्वात कमी पाळला जातो.

या सगळ्यात अडकलेला माल सोडवायचा प्रश्न बाजूलाच राहिला. पिन तुटली की फिरकी थांबते, पण उभा दाब तसाच असतो. ब्रेकर फुटला तर दाब जातो खरा, पण बिडाचं फुटणं बेभरवशाचं. एकाच साच्यातल्या दोन पेट्या वेगवेगळ्या जोराला फुटतात, आणि फुटताना तुकडे उडतात. मग घणाने पाचर ठोकून काढणं, स्क्रूच्या माथ्यावरच्या चाकाला दोर गुंडाळून क्रेनने ओढणं किंवा गॅस कटरने माल कापणं हे मार्ग. यातलं शेवटचं सर्वांत सर्रास चालतं आणि त्यात सर्वाधिक सांभाळावं लागतं. चार मिलिमीटर ताणलेली चौकट माल कापला जाताच एका क्षणात मूळ जागी येते आणि कापलेली टोकं कुठे उसळतील याचा नेम नसतो. कापणाऱ्याने मालाच्या रेषेत उभं राहू नये हा नियम त्यातूनच आला.

खरी सुटका तेलाने केली. १९५० च्या दशकात ब्रिटनच्या लोखंड-पोलाद संशोधन संघटनेत रोलवरचा दाब मोजून पत्र्याची जाडी ठरवण्याच्या पद्धतीवर काम झालं. स्टँड किती ताणला जातो हे दाबावरून कळतं आणि तेवढी फट कमी करता येते, हे त्यामागचं सूत्र. जाडी झटपट बदलायला स्क्रू फार सावकाश पडत, म्हणून १९७० नंतर मोठ्या मिलमध्ये स्क्रूच्या जोडीने किंवा त्याच्या जागी आखूड, रुंद हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारे, सिलिंडर आले. हेतू होता पत्र्याची जाडी एकसारखी ठेवण्याचा, आणि त्यातून शंभर वर्षं न सुटलेली अडचण सुटली. दाब मर्यादेबाहेर गेला की झडप उघडते, तेल टाकीत जातं, सेकंदाच्या छोट्याशा भागात रोल मोकळा होतो. काही फुटत नाही. माल बाहेर काढून झडप बंद केली की मिल पुन्हा तयार.

फिरकीच्या बाजूलाही तेल आलं. स्वीडनमधल्या हुडिक्सवाल इथे बनणाऱ्या सेफसेट कपलिंगमध्ये दुहेरी भिंतीच्या बाहीत तेल दाबून भरतात. बाही फुगून दांड्याला घट्ट धरते आणि घर्षणाने फिरकी पोचवते. जोर मर्यादेपलीकडे गेला की बाही घसरते. त्या घसरण्यानेच एक कडं तेलाच्या छोट्या नळीचं टोक कापून टाकतं, तेल बाहेर उडतं आणि पकड पूर्ण सुटते. इथेही काहीतरी तुटतं, पण बोटाएवढी नळी. शिवाय तिच्यावर रोजचा पीळ येत नसल्यामुळे ती पिनसारखी थकत नाही.

कायद्याचा प्रवास वेगळ्या वाटेने झाला. १८४४ च्या ब्रिटिश कायद्याने कापडगिरण्यांमधले फिरते दांडे आणि चाकं झाकायची सक्ती केली. भारतातल्या १९४८ च्या फॅक्टरी कायद्याच्या (२०२५ मध्ये त्याची जागा नव्या श्रमसंहितेने घेतली) कलम २१ मध्ये यंत्राभोवतीचं कुंपण होतं, कलम २२ मध्ये चालू यंत्राजवळ फक्त प्रशिक्षित, अंगाबरोबर कपडे घातलेल्या माणसाने काम करावं असं होतं, आणि कलम २४ मध्ये प्रत्येक कामाच्या खोलीत आणीबाणीत शक्ती तोडण्याची सोय हवी असं होतं. भर होता तो शक्ती तोडण्यावर. कापडगिरणीच्या पट्ट्याला ते पुरेसं होतं. प्लेट वाकवणाऱ्या रोलमध्ये हातमोजा आणि त्याबरोबर हात ओढला गेला तर नुसतं थांबणं पुरत नाही. रोल लगेच उलटा फिरला पाहिजे किंवा उघडला पाहिजे, नाहीतर हात थांबलेल्या रोलमध्ये दाबलेलाच राहतो.

महाराष्ट्रात हा विषय लांबचा नाही. जालन्याच्या स्टील उद्योगातून बांधकामाच्या टीएमटी सळ्या देशभर जातात. मोठ्या कारखान्यांकडे हायड्रॉलिक यंत्रणा आहे. देशभरात विखुरलेल्या लहान री-रोलिंग (जुनं पोलाद पुन्हा लाटणाऱ्या) मिलमध्ये मात्र मफ, स्पिंडल, फ्लायव्हील हीच रचना अजून दिसते. जहाजं तोडून आलेल्या प्लेटच्या पट्ट्या जिथे लाटतात तिथे जाडी आणि पोलादाची जात पट्टीगणिक बदलते, भट्टीत सगळ्या सारख्या तापत नाहीत, आणि माल अडकण्याचं प्रमाण त्यामुळे वाढतं. अशा मिलला महागडी यंत्रणा परवडत नाही हे मी मान्य करतो. पण स्क्रू आणि ठोकळा यांच्यामध्ये हातपंपाने चालणारा बुटका हायड्रॉलिक जॅक बसवता येतो. पंपाची झडप स्टँडपासून लांब, मालाच्या रेषेबाहेर ठेवायची. अडकलं की लांबूनच झडप सोडली की काम होतं.

जुना स्टँड विकत घेणाऱ्याने स्क्रूखालची ती जागा वाकून, बॅटरीच्या उजेडात पाहावी. तिथे मोजून बनवलेला ब्रेकर आहे, की कुणीतरी भरीव ठोकळा वेल्ड करून ठेवलाय, हे लगेच कळतं. कपलिंगच्या पिनचं माप आणि ग्रेड नोंदवहीत नसेल, तर बसलेल्या पिनवरून नवी पिन करून घेऊ नये. गिअरबॉक्सच्या रेटिंगवरून ती नव्याने काढून घ्यावी, आणि पहिला माल घालण्याआधी बसवावी.