खासगी माळरानं कायमची राखण्यासाठी मोबदला

माळरान ज्याच्या नावावर आहे त्याला पैसे द्यायचे आणि त्याने तिथे नांगर घालायचा, प्लॉट पाडायचा, मुरूम काढायचा हक्क कायमचा सोडायचा, अशी ही पद्धत. मालकी त्याचीच राहते, गुरं-मेंढरं चारता येतात, जमीन विकताही येते, फक्त घेणाऱ्यालाही तीच अट लागू होते. अमेरिकेत याला कॉन्झर्वेशन ईझमेंट म्हणतात, आणि तिकडच्या 2014 च्या शेती कायद्याप्रमाणे खास महत्त्वाच्या गवताळ जमिनीसाठी केंद्र सरकार ईझमेंटच्या किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत वाटा उचलू शकतं.

रक्कम ठरते फरकावर. समजा सासवडकडे एकराला प्लॉटिंगवाला 50 लाख देतोय आणि नुसतं चराऊ रान म्हणून 10 च लाख येतात, तर मोबदला 40 लाखांचा, त्यामुळे शहराचा भाव पोचायच्या आधीच करार झाला तर परवडतो.

पुणे जिल्ह्यात याची गरज खरंच मोठी आहे. सुप्याजवळचं मयूरेश्वर अभयारण्य जेमतेम 5 चौरस किलोमीटरचं, चिंकारा, लांडगा, खोकड, तरस यांना ते कुठून पुरणार, ते आजूबाजूच्या पडीक रानांतच फिरतात आणि त्यातली बरीच लोकांच्या सातबाऱ्यावरची आहेत. कुसळी, मारवेल ही गवतं वाढलेल्या अशा रानात धाविक, माळटिटवी हे पक्षी जमिनीवरच अंडी घालतात, हिवाळ्यात भोवत्या हे शिकारी पक्षी येतात. आणि लोक याला ओसाड समजून खड्डे खणून झाडं लावतात!! माळाचं त्यानेही वाटोळंच होतं, म्हणून करारात वृक्षलागवडही बंद हवी.

आपल्याकडे कायदा मात्र तोकडा आहे. 1882 च्या सुविधाधिकार (म्हणजेच ईझमेंट) कायद्यात असा हक्क शेजारच्या दुसऱ्या जमिनीच्या उपभोगासाठी लागतो, नुसत्या संस्थेला तो घेता येत नाही. वन्यजीव कायद्याच्या 36-क कलमाखाली खासगी जमीन मालकाच्या इच्छेने समुदाय राखीव क्षेत्र होऊ शकते आणि मग सरकारी मंजुरीशिवाय वापर बदलता येत नाही, पण त्यात मालकाला मोबदल्याची सोय नाही, मग पोरांची शिक्षणं-लग्नं समोर असलेला शेतकरी कशाला पुढे येईल.

पैसे देऊन काम संपत नाही, दरवर्षी जाऊन कुंपण, बोअर, नांगरट बघणारी संस्था लागते आणि तिच्या खर्चाची तजवीज सुरुवातीलाच करावी लागते. धनगरांचं नाव सातबाऱ्यावर नसतं, पण पिढ्यान्‌पिढ्या त्यांची मेंढरं याच रानांतून जातात, तेव्हा त्यांची वाट आणि चराईचे महिने करारात लिहूनच घ्यायला हवेत, नाहीतर पैसे मिळालेला मालक पहिलं काम तारेचं कुंपण घालायचं करेल.