शेवटच्या रांगेतून दिसणारा तक्ता

पावसाळ्याच्या तोंडावर सांगलीत आमच्या मंडळाने पुराच्या तयारीची बैठक घेतली आणि स्लाइडचं काम माझ्या गळ्यात पडलं. धरणाचं नाव, नदी, तालुका, क्षमता, दरवाजे, बांधल्याचं साल, सगळं मी एकाच तक्त्यात कोंबलं. मावेना, म्हणून अक्षर १० पॉइंटवर आणलं. शेवटच्या रांगेतून एक आजोबा म्हणाले, "काय दिसंना झालंय, तुमीच वाचा की." मला वाटलं, चष्मा विसरले असतील. घरी येऊन हिशेब मांडला, तर चष्म्याचा काही संबंधच नव्हता.

पॉवरपॉइंटची नेहमीची स्लाइड साडेसात इंच उंच, म्हणजे ५४० पॉइंट. आमचा पडदा चार फूट उंच. त्यावर १० पॉइंटच्या अक्षराचा गाभा, मात्रा-उकार सोडून, अर्धा इंचही भरत नाही. ३० फुटांवरून बघितलं तर तो डोळ्याशी जो कोन करतो, तो एका अंशाच्या साठ भागांपैकी जेमतेम चार भागांचा. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे ६/६ची जी बारीक ओळ असते, तिचं अक्षर पाच भागांचं. म्हणजे ठणठणीत नजरेच्या माणसालाही माझी स्लाइड वाचता आली नसती. २८ पॉइंट घेतले की हाच कोन बारा भागांच्या आसपास जातो आणि वाचणं सुखाचं होतं. पण मग सहा रकाने मावत नाहीत. तीन काढावे लागतात. काढावेत! दरवाजे किती, हे त्या दिवशी कुणाला हवं होतं?

अक्षर मोठं झालं तरी डोळ्याची आणखी एक अडचण उरतेच. हात लांब करून अंगठ्याचं नख बघा. साधारण तेवढ्याच भागात, दोनेक अंशांत, आपल्याला खरं स्पष्ट दिसतं. बाकी सगळं अंधूक असतं. डोळा सेकंदाला तीन-चार उड्या मारत चित्र जुळवत असतो. तक्ता स्लाइडभर ताणला की 'कोयना' वाचून आकड्याकडे मारलेली उडी खालच्या ओळीत पडते. तक्ता टाकताना पॉवरपॉइंट तो जवळपास पूर्ण रुंदीचाच देतं. तो आत ओढून घ्यायचा, नाव आणि आकडा शेजारी आणायचे.

ओळ चुकू नये म्हणून आपण चौफेर रेघा मारतो. तासगावकडची द्राक्षबाग आठवा. दोन ओळींत आठ-नऊ फूट, ओळीतल्या दोन वेलींत चार-पाच. बांधावरून ओळी लख्ख दिसतात, कुणी चुन्याने रेघा मारलेल्या नसतात. जवळच्या गोष्टी मेंदू आपोआप एका गटात टाकतो. माक्स वेर्थायमर या मानसशास्त्रज्ञाने १९२३ मध्ये हे नियम मांडले. तक्त्यातही शीर्षकाखाली एक रेघ पुरते, बाकी मोकळी जागा सांभाळते. मराठीत ती जागा थोडी जास्तच सोडावी, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला जाऊन भिडतो.

आकडे मात्र माझ्या मते सगळ्यात जास्त घोळ घालतात. टीएमसीतल्या, म्हणजे अब्ज घनफुटांतल्या, क्षमता मी डावीकडे लावल्या होत्या:

१०५.२५
३४.४०
९.९७

कोयना, वारणा, उरमोडी. घाईत बघणाऱ्याला पहिला अंक दिसतो आणि उरमोडीचा ९ कोयनेच्या १ वर भारी पडतो. दशांशचिन्ह दशांशचिन्हाखाली आलं, की आकड्याची लांबीच त्याचं मोठेपण सांगते. किराणा दुकानाच्या वहीत हे कधी चुकत नाही, कारण तिथे बेरीज करायची असते. मधोमध लावणं तर आणखी वाईट. दिसायला गोंडस, तुलनेला कुचकामी.

रंगाचं थोडक्यात. अ‍ॅन ट्राइसमन यांनी १९८० मध्ये मांडलं की गर्दीत एकच गोष्ट वेगळ्या रंगाची असेल, तर ती शोधावी लागत नाही, स्वतःहून पुढे येते. दहा रंग वापरले की एकही पुढे येत नाही. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाची इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५, आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ च्या वर. लाल करायचा तो शेवटचा आकडा, आणि सोबत ठळकही, कारण लाल-हिरव्यातला फरक काहींना कळत नाही. तो दोष एक्स गुणसूत्रावरून येतो, म्हणून पुरुषांत जास्त.

पुढच्या बैठकीत तीन रकान्यांची स्लाइड लावली. नदी, धरण, क्षमता. आजोबा पुन्हा शेवटच्याच रांगेत.

"वारणा तर हरिपुरात कृष्णेला मिळती की," ते म्हणाले, "आयर्विनच्या खाली. मग ती हितं कशाला घातलीय?"

याचं उत्तर तक्त्यात नव्हतं. मग फळ्यावर दोन नद्या काढून दाखवल्या: खाली संगमाशी वारणा फुगली, की वरून येणारं कृष्णेचं पाणी मागे तुंबतं.