विमान आत्ता नेमके कुठे आहे? : दहा सेंटच्या वहीपासून टॅबपर्यंत

२४ सप्टेंबर १९७२ च्या सकाळी जपान एअरलाइन्सचे डीसी-८ मुंबईत उतरले, पण सांताक्रूझऐवजी जुहूला. जुहूची धावपट्टी छोट्या विमानांची. ती संपली तरी जेट थांबेना आणि शेवटी पलीकडच्या खड्ड्यात जाऊन अडकले. जीवितहानी झाली नाही, विमान मात्र कायमचे निकामी झाले. त्याआधी १५ जुलै १९५३ ला बीओएसी या ब्रिटिश कंपनीचे कॉमेट जेटही असेच चुकून जुहूला उतरले होते. त्याचे दैव बरे, काही दिवसांनी ते तिथूनच उडवून नेता आले.

नकाशा दोन्ही वेळी कॉकपिटमध्ये होताच. पण जुहू आणि सांताक्रूझ यांच्यात अंतर दोन-तीन किलोमीटरचे आणि दोन्हीकडची धावपट्टी जवळजवळ पूर्व-पश्चिम. धुरकट हवेत वरून पाहणाऱ्याला जी पट्टी आधी दिसली ती आपलीच वाटली. आपण कुठे असायला हवे ते कागदी नकाशा सांगतो. आपण कुठे आहोत हे वैमानिकाने स्वतः ओळखायचे असते. आज वैमानिकाच्या टॅबवरच्या अॅपमध्ये नकाशाच्या मधोमध चिमुकले विमान सरकताना दिसते, ते या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर. या अॅपचा इतिहास सांगताना बहुतेक जण कागदाची बचत झाल्याची गोष्ट सांगतात. माझ्या मते खरी गोष्ट या सरकत्या चिन्हाची आहे, कारण मोठ्या विमानांतल्या टॅबवर ते सगळ्यात शेवटी आले.

सुरुवात मात्र कागदापासूनच करायला हवी. १९२० च्या दशकात अमेरिकेत टपाल नेणाऱ्या वैमानिकांसाठी जमिनीवर काँक्रीटचे मोठाले बाण आखले होते आणि जोडीला दिव्यांचे मनोरे उभारले होते. बाण दिसला की त्या दिशेने पुढे जायचे. ढग आले की बाण गायब. एल्रे जेपसेन हा त्यांच्यातलाच एक टपाल-वैमानिक. १९३० च्या सुमारास त्याने दहा सेंटला एक छोटी काळी वही घेतली आणि तीत एकेका मैदानाची लांबी, उतार, आजूबाजूचे अडथळे, दिवे टिपायला सुरुवात केली. टेकड्यांची उंची मोजायला तो अल्टिमीटर घेऊन स्वतः चढून जाई. वाटेवरच्या शेतकऱ्यांचे फोन नंबरही त्या वहीत होते, निघण्यापूर्वी तिकडची हवा कशी आहे ते विचारायला. इतर वैमानिक वही मागू लागले, तेव्हा १९३४ मध्ये त्याने तिच्या प्रती दहा डॉलरला विकायला काढल्या. जगभरच्या कॉकपिटमध्ये 'जेप' या नावाने ओळखले जाणारे चार्ट, म्हणजे वैमानिकी नकाशे, ते हेच.

आपल्याकडे १५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडी टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन जुहूला आले, तेव्हा त्यांच्या पुस मॉथ विमानात रेडिओसुद्धा नव्हता. हिशेबाला स्लाइड रूल आणि मार्ग ओळखायला डोळे. पावसाळ्यात भरतीचे पाणी जुहूच्या मैदानावर चढायचे, म्हणून सगळा संसार पुण्याला येरवड्याजवळच्या मैदानावर हलवावा लागे. मैदान पाण्याखाली आहे की नाही, ही त्या काळातली 'ताजी माहिती'. आजच्या अॅपमध्ये तीच गोष्ट नोटॅम या नावाने येते, म्हणजे धावपट्टी बंद, दिवा बंद, क्रेन उभी आहे अशा सूचना.

उड्डाणाचे नियोजन म्हणजे खरे तर त्रिकोणमिती. विमानाचे नाक एकीकडे, वारा ढकलतो दुसरीकडे, आणि जमिनीवरची वाट तिसरीच. हा त्रिकोण दर वेळी कागदावर काढायला नको म्हणून १९३० च्या दशकात फिलिप डाल्टन या अमेरिकी वैमानिकाने गोल चकतीचे गणकयंत्र बनवले. 'ई-सिक्स-बी' या लष्करी नावाने ते जगभर गेले आणि अजून वैमानिकांच्या शाळांत वापरात आहे. चार्टवर पेन्सिलने रेघ ओढायची, प्रोट्रॅक्टरने दिशा मोजायची, चकती फिरवून हेडिंग (नाक कुठे रोखायचे ती दिशा) आणि वेळ काढायची, ते सगळे नॅव्ह-लॉग या प्रवासाच्या तक्त्याच्या रकान्यांत भरायचे. तासाभराच्या प्रवासासाठी शिकाऊ मुलगा सहज तासभर बसतो. अॅपमध्ये बोटाने रेघ ओढून वाकवली की वाऱ्यासकट दिशा, वेळ आणि इंधन क्षणात समोर येते. गणित तेच आहे, फक्त ते आता दिसत नाही.

सरकत्या चिन्हासाठी उपग्रह लागले. जीपीएसचा पहिला उपग्रह १९७८ मध्ये सुटला तो अमेरिकी लष्करासाठी. १ सप्टेंबर १९८३ ला कोरियन एअर लाइन्सचे ००७ हे विमान मार्ग चुकून सोव्हिएत हद्दीत गेले आणि पाडले गेले. २६९ माणसे गेली. त्यानंतर अध्यक्ष रेगन यांनी ही यंत्रणा तयार झाल्यावर नागरी वापरासाठी खुली करण्याचे जाहीर केले. ती पूर्ण झाली १९९५ मध्ये. तरी नागरी सिग्नलमध्ये मुद्दाम चूक मिसळलेली असे, शंभर मीटरपर्यंतची. मे २००० मध्ये ती काढून टाकली. शंभर मीटर म्हणजे धावपट्टी आणि तिच्या शेजारचा टॅक्सी-वे (विमान जमिनीवर नेण्याची वाट) यांच्यात घोटाळा व्हायला पुरेसे अंतर, म्हणून या तारखेचे महत्त्व.

कॉकपिटमध्ये संगणक तोवर दुसऱ्या दाराने शिरला होता. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला फेडएक्सचे वैमानिक उड्डाणाचे हिशेब करायला लॅपटॉप नेऊ लागले. पण लॅपटॉप कॉकपिटमध्ये ठेवणार कुठे? चार्टची बॅग जायला तयार नव्हती. अमेरिकन एअरलाइन्सच्या वैमानिकाची बॅग सुमारे सोळा किलोची असे. वैमानिकी माहितीतले ठरलेले बदल दर २८ दिवसांच्या चक्राने लागू होतात. बदललेल्या पानांचे पाकीट आले की जुनी पाने काढून नवी लावत बसायचे. हे काम कुणालाच आवडत नसे, आणि एक पान चुकीच्या जागी लागले तर ते नेमके ढगात असताना कळे.

३ एप्रिल २०१० ला आयपॅड आला. त्याचा पडदा जेपसेनच्या चार्टच्या पानाएवढा निघाला, जवळजवळ मूळ आकाराचा. ठरवून केले असते तरी इतके जुळले नसते. छोट्या विमानांचे हौशी वैमानिक आधी धावले. अमेरिकेत फोरफ्लाइट आणि गार्मिन पायलट, ब्रिटनमध्ये स्कायडेमन या अॅपची नावे फ्लाइंग क्लबांत घरची झाली. विमान कंपन्या मागून आल्या. २०११ मध्ये अलास्का एअरलाइन्सने वैमानिकांना आयपॅड दिले. २०१३ च्या जूनमध्ये अमेरिकन एअरलाइन्सने सगळ्या ताफ्यातून कागदी बॅगा काढल्या आणि वर्षाला सुमारे बारा लाख डॉलरचे इंधन वाचेल असे सांगितले. एप्रिल २०१५ मध्ये त्याच कंपनीच्या वैमानिकांचे अॅप एका विमानतळाच्या चार्टची प्रत दोनदा आल्यामुळे बंद पडले आणि कित्येक उड्डाणे जमिनीवरच अडकली. पान चुकीच्या जागी लागण्याचा जुना घोळ नव्या रूपात परत आला, आणि या वेळी एकदम सगळ्यांच्या बॅगेत.

आता त्या चिन्हाकडे. आयपॅड आल्यानंतरच्या वर्षांत सेसनासारख्या छोट्या विमानातून रविवारी फिरायला निघालेला हौशी माणूस मांडीवरच्या आयपॅडवर आपले विमान नकाशावर सरकताना पाहत होता. त्याच आकाशात वर उडणाऱ्या बोइंगच्या कप्तानाकडे तसाच आयपॅड, तसाच चार्ट, पण उड्डाण करताना त्यावर स्वतःचे विमान दाखवायला अमेरिकी नियामक एफएएची परवानगी नव्हती. ऐकायला हास्यास्पद वाटते, पण नियामकाची भीती खोटी म्हणता येत नाही. विमानात बसवलेली यंत्रणा कसोट्यांतून गेलेली असते. टॅब हा बाजारातून आणलेला. ऊन लागले की तापून बंद पडतो. त्याचा जीपीएस चुकला तर 'मी चुकतोय' असे तो सांगेलच असे नाही. आणि सरकते चिन्ह दिसले की माणूस बाकी काही बघत नाही. पडद्यावरचा पाऊसही ताजा असतोच असे नाही. रडारची चित्रे जोडून अॅपपर्यंत पोचायला पंधरा-वीस मिनिटे लागू शकतात, तेवढ्यात ढग जागा बदलतो. ही परवानगी ऑक्टोबर २०१७ मध्ये मिळाली, तीही 'पूरक माहिती' या अटीवर. मार्ग काढायचा तो विमानातल्या मूळ यंत्रणेवरच.

भारतात ही अॅप हौशी वैमानिकांच्या हातून पसरली नाहीत, कारण असे वैमानिक मुळात मूठभर. शिवाय इथे एका विमानतळावरून दुसरीकडे जाणाऱ्या छोट्या विमानालाही फ्लाइट प्लॅन आणि हवाई दलाचा एडीसी नंबर, म्हणजे उड्डाणाची परवानगी, लागतो. बोटाने रेघ वाकवली म्हणून मार्ग बदलत नाही, तो बदलायला फोन आणि रेडिओ आहेतच. बारामती, गोंदिया, धुळे इथे शिकणारी मुले टॅब वापरतात, पण डीजीसीए या भारतीय नियामकाच्या नॅव्हिगेशनच्या पेपरला बसताना पुन्हा चकती आणि पट्टीच हाती घ्यावी लागते. मला ते जुनाट वाटत नाही. उपग्रहांची बाजू मात्र इथे भक्कम आहे. इस्रो आणि विमानतळ प्राधिकरणाची गगन यंत्रणा जीपीएसच्या चुका दुरुस्त करून देते, आणि एप्रिल २०२२ मध्ये तिच्या आधारे इंडिगोचे एटीआर विमान राजस्थानात किशनगडला उतरले.

जेपसेनची कंपनी २००० मध्ये बोइंगने घेतली, फोरफ्लाइट २०१९ मध्ये. २०२५ मध्ये दोन्ही एकत्रच एका गुंतवणूक कंपनीला विकली गेली, आणखी एक-दोन व्यवसायांसह साडेदहा अब्ज डॉलरच्या सौद्यात. त्या वहीची किंमत दहा सेंट होती.

२०२३ पासून मात्र उपग्रहांचे सिग्नल नुसते दाबले जात नाहीत, खोटे पाठवले जातात. इराक-इराणच्या बाजूने आणि भूमध्य समुद्राच्या पूर्वेला जाणाऱ्या विमानांत स्थान अचानक उडी मारते. आपल्याकडे डीजीसीएने २०२३ च्या नोव्हेंबरात याबाबत परिपत्रक काढले. टॅब त्याच उपग्रहांचे ऐकतो, त्यामुळे तोही फसतो. भूमध्य समुद्रावर कित्येकदा असे झाले आहे, की विमान समुद्रावर सरळ चालले आहे आणि पडद्यावरचे चिन्ह बैरूतच्या धावपट्टीवर जाऊन बसले आहे. मग वैमानिक जमिनीवरच्या रेडिओ-स्थानकांची दिशा आणि अंतर घेतो, घड्याळ बघतो आणि हवा स्वच्छ असेल तर खिडकीतून किनारा शोधतो.