आघात तरंगाचं तापमान प्रकाशालाच विचारावं लागतं

घन पदार्थातून आघात तरंग, म्हणजे ध्वनीहून वेगानं जाणारी दाबाची तीव्र लाट, धावत असताना दाब, घनता आणि ऊर्जा काढणं त्या मानानं सोपं आहे. मूळ घनता माहीत असली की दोनच वेग लागतात: तरंगाचा, आणि त्याच्यामागे ढकलल्या जाणाऱ्या पदार्थाचा. बाकीचं रँकिन (1870) आणि ह्यूगोनिओ (1887) यांच्या समीकरणांतून निघतं. तापमान मात्र त्यांतून थेट हाती लागत नाही. थर्मामीटर लावायची सोय नाही, कारण सगळा प्रकार काही नॅनोसेकंदांत आटोपतो आणि नमुन्याच्या चिंधड्या उडतात. मग भिस्त उरते ती बाहेर पडणाऱ्या प्रकाशावर.

असा तरंग उठवण्याची एक पद्धत म्हणजे क्ष-किरणांचा मारा. कॅलिफोर्नियातल्या नॅशनल इग्निशन फॅसिलिटी या लेसर प्रयोगकेंद्रात 192 लेसर झोत सोन्यासारख्या जड धातूच्या पोकळ नळकांड्याच्या आतल्या भिंतीवर सोडता येतात. तापलेली भिंत क्ष-किरण ओकते. ते नमुन्यावर पडले की वरचा पातळ थर उकळून बाहेर उडतो आणि त्याच्या प्रतिक्रियेनं तरंग आत शिरतो.

नमुन्याच्या मागच्या बाजूला पायरी कोरलेली असते. तरंग मागच्या पृष्ठभागावर पोचला की तिथे प्रकाश चमकतो. जाड भागावर तो थोडा उशिरा दिसतो. समजा पायरी 20 मायक्रोमीटरची आहे आणि दुसरी चमक 1 नॅनोसेकंद मागे आहे, तर वेग झाला सेकंदाला 20 किलोमीटर! एवढा बारीक काळ टिपतो स्ट्रीक कॅमेरा. तो प्रकाशाचे इलेक्ट्रॉन करून पडद्यावर बाजूला सरकवत नेतो, त्यामुळे काळ चित्रातल्या अंतरासारखा वाचता येतो.

त्याच कॅमेऱ्यासमोर वर्णपटमापी ठेवला की कोणत्या क्षणी कोणता रंग किती उजळ होता हे कळतं, आणि तापलेला पदार्थ कोणत्या तापमानाला कोणत्या रंगात किती प्रकाश देतो हे सांगणाऱ्या प्लांकच्या नियमावरून तापमान काढता येतं. पण खरी गोम पुढेच आहे. 10,000 केल्विनला प्रारणाचं शिखर 290 नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे अतिनील भागात जातं. त्याहून बरंच तापलेल्या पदार्थात दृश्य रंगांचं आपसातलं प्रमाण जेमतेम बदलतं. नुसत्या रंगावर भरवसा ठेवला तर फसगत ठरलेली! म्हणून कॅमेऱ्याचं अंशांकन करून (ज्ञात प्रकाशाशी त्याचं मोजमाप जुळवून) प्रत्यक्ष तेजस्विता मोजतात, आणि पदार्थ किती प्रकाश परावर्तित करतो हे लेसरनं वेगळं पाहतात. अपारदर्शक पदार्थ जेवढा कमी परावर्तित करेल, तेवढा तो जास्त उत्सर्जित करतो.

धातूंचा त्रास असा की दिसते ती फक्त काही दशक नॅनोमीटरची साल, आणि तरंग पृष्ठभागावर पोचताच ती प्रसरण पावून थंड होऊ लागते. क्वार्ट्झ हा पारदर्शक स्फटिक इथे फार सोयीचा. सुमारे 10 लाख वातावरण दाबापलीकडे तरंगाची आघाडीच आरशासारखी चकाकू लागते, आणि पुढचा भाग पारदर्शकच असल्यानं ती धावताना सलग पाहता येते. अट एवढीच, की पुढचा भाग खरंच पारदर्शक राहायला हवा. ज्या क्ष-किरणांनी तरंग उठवला, त्यांतले भेदक किरण त्याच्याआधी पुढे पोचून क्वार्ट्झ गढूळ करू शकतात. म्हणून वाटेत सोन्यासारख्या जड धातूचा पातळ थर घालतात, आणि तो किती जाड ठेवायचा यावरच बराच काथ्याकूट चालतो.